मोडककाकांचे पाच देश

प्रिय ईरा आणि कबीर,

तुमच्या आईचा फोन सनीव्हेलहून रविवारी येतो. परवा तो मंगळवारी आला, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. ईराने कॉलेज अर्ध्यावर सोडायचं ठरवलंय आणि तिला एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये चार वर्षं उमेदवारी करायची आहे, म्हणजे कारागिराच्या हाताखाली राहून काम शिकायचं आहे. "आई, तू तिला सांग काहीतरी," मीनल म्हणाली. सांगते म्हटलं. पण ईराच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलण्याइतकं मला लाकडातलं कळत नाही. मला माहीत आहे तो एक माणूस. कुठलं काम शिकायला कुणाला किती वर्षं लागतात, एवढ्या एकाच प्रश्नामागे त्याने आपला सगळा मोकळा वेळ घालवला. भालचंद्र मोडक. मीनल त्यांना मोडककाका म्हणायची, म्हणून मीही. तिला त्यांच्यातला गमतीचा भाग तेवढा आठवतो. उरलेला माझ्याकडे आहे, आणि मी आता शहात्तरची आहे, म्हणून लिहून काढते. मराठी अडलं तर आईकडून वाचून घ्या.

मोडककाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते व्हर्जिनियात, हर्नडनच्या एका शाळेच्या कॅफेटेरियात, गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. एक डॉक्टर नवरा-बायको युरोप टूर करून आले होते आणि स्लाइड्स दाखवत होते. बर्फाचे डोंगर झाले, गाईच्या गळ्यातली घंटा झाली, डॉक्टरीणबाई स्वेटर घालून चॉकलेट खाताना झाल्या. दिवे लागले. मागच्या ओळीतून एक बारीक, उंच गृहस्थ उठले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, "डॉक्टर, स्वित्झर्लंडमध्ये नकाशे काढणाऱ्यांना किती वर्षं शिकवतात, ते विचारलंत का?"

डॉक्टर म्हणाले, "नाही बुवा. आम्ही टूरबरोबर होतो."

"चार," गृहस्थ म्हणाले. "आणि पहिलं वर्ष नुसत्या रेघा." मग ते खाली बसले आणि शेजारच्या बाईंनी त्यांच्या प्लेटमध्ये श्रीखंड वाढलं. त्या कुसुमकाकू. "वर्षातून एकदा विचारू देते मी त्यांना," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "नाहीतर ते घरी मला विचारतात."

मोडक आमच्यापासून दोन रस्ते सोडून राहायचे. काका डेहराडूनला नकाशे काढायला शिकलेले. अमेरिकेत एका सरकारी नकाशा ऑफिसात नोकरीला होते. तेव्हा नकाशा पेनने काढत नसत. तांबूस थर दिलेल्या फिल्मवर कोरणीने ओरखडायचा. कोरणीला नीलमण्याचं बारीक टोक. थर निघाला की तेवढी रेघ उघडी पडते. रस्ता वेगळ्या फिल्मवर, नदी वेगळ्या, डोंगराच्या उंचीच्या रेघा आणखी वेगळ्या. नावं मात्र छापून येत. त्यांच्या मागे मेण असे आणि ती एकेक कापून चिकटवायची. ऑफिसात हे सगळं करून काका घरी यायचे, आणि शनिवार-रविवारी जेवणाच्या टेबलावर पुन्हा हेच करायचे. डोंगरात भटकणाऱ्या लोकांचा एक क्लब होता, त्यांच्या पायवाटांचे नकाशे काका हौसेने करून देत.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, "प्रमाण काय?" म्हणजे स्केल काय. तुम्ही म्हणालात, "फार थंडी आहे हो," की काका विचारणार, "प्रमाण काय?" तुमचे आजोबा एकदा म्हणाले, "मीनल फार त्रास देते." काका म्हणाले, "प्रमाण काय?" आजोबांनी विचार केला आणि म्हणाले, "तसा फार नाही." त्या प्रश्नाने माणूस खरं बोलायला लागायचा, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला तो नुसता चावटपणा वाटायचा.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे तक्ता. जेवणघराच्या भिंतीवर, जिथे इतरांकडे देवाचं कॅलेंडर असतं तिथे, चार फुटी कागद. वर पाच देशांची नावं: स्वित्झर्लंड, जर्मनी, ब्रिटन, हॉलंड, फ्रान्स. डावीकडे उभे प्रश्न, सगळे नकाशाचं काम शिकण्याबद्दलचे. किती वर्षं? शिकवतो कोण, शाळा की वर्कशॉप? पहिल्यांदा काय शिकवतात? तपासतो कोण? परीक्षा कोण घेतो? प्रमाणपत्रावर सही कुणाची? काकांनी युरोपभर पत्रं पाठवली होती आणि लोक खरोखर उत्तरं देत. जर्मन पत्र आलं की काका डिक्शनरी घेऊन लायब्ररीत जायचे आणि संध्याकाळी आमचं दार वाजवायचे. "सुनीता, जर्मनीचं कळलं! आठवड्यात एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस वर्कशॉप. हात आणि डोकं दोन्ही. फ्रान्सवाले बघ, आधी परीक्षा, मग शाळा, मग हात. आणि ब्रिटिश! पोरगं ऑफिसात घेतात आणि शेजारच्याकडे बघून शिक म्हणतात."

"मग आपल्याकडे?" मी विचारलं.

"आपल्याकडे ब्रिटिशांचंच," काका खिन्नपणे म्हणाले. "मी शेजारच्याकडे बघून शिकलो. शेजारचा डावरा होता."

आतून कुसुमकाकू म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला पाच देश आहेत गं. घर एकच आहे, पण तिथे तो क्वचित असतो."

मीनल तिसरीत होती तेव्हा तिला शाळेतून व्हर्जिनियाचा नकाशा काढून आणायचा होता. तिने तो काढला, रंगवला आणि दुर्दैवाने काकांना दाखवला. काकांनी चष्मा कपाळावर घेतला. "किनारा आणि नदी एकाच जाडीची कशी?"

"काका, इट्स जस्ट थर्ड ग्रेड!"

"स्वित्झर्लंडमध्ये थर्ड ग्रेड नसते का?"

मीनल रडत घरी आली. तासाभराने काका दारात उभे. हातात कोरणी आणि फिल्मचा तुकडा. "हिला नुसत्या रेघा मारू दे. नकाशा नको. मजा येते." मीनलने त्या दिवशी जेवणापर्यंत रेघा मारल्या. तिला विचारा. तिला वाटतं ती शिक्षा होती. मी पाहत होते, ती जीभ बाहेर काढून, आनंदाने मारत होती.

आता कुसुमकाकूंबद्दल. त्या मराठी सातवी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं त्यांना इथे आल्यावर काकांनी शिकवली, तीही नकाशावरच्या नावांवरून. क्लबचा नकाशा पुरा झाला की तो काकूंकडे जायचा. काकांचा नियम होता, आपली शीट आपण तपासायची नाही. पाचही देशांत हा एकच नियम सारखा, असं ते सांगत. काकू लाकडी फूटपट्टी घेऊन टेबलाशी बसायच्या आणि एकेक नाव शेवटच्या अक्षरापासून उलटं पाहायच्या. मी एकदा म्हटलं, "काकू, सरळ वाचलं तर लवकर होईल." काका एकदम म्हणाले, "तू वाचतेस म्हणून तुला चूक दिसणार नाही. तू इंग्लिश मीडियमची. अर्धं अक्षर दिसलं की पुढचं तूच भरतेस. ती भरत नाही. जे आहे तेवढंच बघते."

मला ते लागलं होतं. माझी इंग्रजी चांगली आहे असा माझा समज होता, आणि अजूनही आहे.

काकू वेडे प्रश्न विचारायच्या. "हे चर्च रस्त्यात का उभंय?" "इथली नदी मध्येच कुठे गेली?" काका "हं" म्हणायचे आणि कोरणी उचलायचे.

एका जानेवारीत काकू गेल्या. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होत्या, तिसऱ्या दिवशी नव्हत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. आम्ही काही कुटुंबांनी मिळून सगळं केलं. काका आठवड्याने ऑफिसला जायला लागले. तक्ता भिंतीवर होता. पत्रं येत होती. मला वाटलं, बरं आहे, वेड असलेलं बरं.

त्या वसंतात क्लबचा नवा नकाशा छापून आला, आणि पहिल्याच शनिवारी क्लबचे अध्यक्ष काकांकडे हसत हसत आले. नकाशावर एका टेकडीच्या उंचीच्या रेघेवर आकडा उलटा चिकटला होता. त्या आकड्याचं डोकं नेहमी चढाच्या बाजूला ठेवायचं असतं. चढ कुठे ते त्यावरून कळतं. टेकडीवर आकडा तेवढा एकच, आणि तो डोक्यावर उभा. म्हणजे टेकडीचा खड्डा झाला होता आणि ओढा वर चढत होता. अध्यक्षांना ती गंमत वाटली. काकाही हसले. मग त्यांनी सगळ्या प्रती परत मागवल्या.

"ती शीट मी तीनदा तपासली होती," ते मला म्हणाले.

त्याच सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आले. कोरणीचं काम हळूहळू बंद होणार होतं आणि काकांची रिटायरमेंट दोन वर्षांवर होती. हाताने कोरणारे सगळे त्यांच्याच वयाचे. नवीन कुणी घेतलंच नव्हतं. तेव्हा काकांनी ठरवलं, ऑफिसला प्रस्ताव द्यायचा: एक उमेदवार द्या. एकच. मी त्याला चार वर्षांत, उरलेल्या वेळेत बसवायचं तर दोन वर्षांत, कोरायला शिकवतो. कॉम्प्युटर आला तरी त्याला चढ कुठे आणि उतार कुठे ते कळलं पाहिजे. पुरावा म्हणून तक्ता जोडायचा.

मी तेव्हा शाळेच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि घरी इलेक्ट्रिक टाइपरायटर होता. काकांनी हस्तलिखित आणून दिलं. सुवाच्य, प्रत्येक पानावर समास आखलेला. माझ्यासारख्या बाईला असं हस्तलिखित म्हणजे मेजवानीच. शेवटच्या पानावर तक्ता होता. पाच देश, पाच रकाने. आणि उजवीकडे पेन्सिलने आखलेला सहावा. वर नाव नाही.

किती वर्षं: तेरा. शिकवतो कोण: नवरा. कुठे: जेवणाचं टेबल. पहिल्यांदा काय: अक्षरं. परीक्षा: घेतली नाही. प्रमाणपत्र: दिलं नाही.

मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले. ते गवार निवडत होते. एकेक शेंग सारख्या लांबीची मोडत होते.

"काका, हा सहावा कुठला देश?"

त्यांनी पाहिलं आणि शेंग खाली ठेवली. "तो टाइप करायचा नाही. राहिला चुकून."

मीही एक शेंग उचलून मोडायला घेतली.

"युरोपभर विचारत फिरलो," काका म्हणाले, "प्रमाणपत्रावर सही कुणाची. घरात एक उमेदवार तेरा वर्षं बसला होता. एकदाही चुकली नाही ती. सही करावी असं सुचलंच नाही मला."

"ऑफिससाठी पाचच टाइप करते," मी म्हटलं. "पण एक प्रत सहाची करते, तुमच्यासाठी. वर काय घालू? इंडिया?"

"इंडिया कशाला? इंडियाने काय शिकवलं तिला?" मग म्हणाले, "कुसुम घाल."

ऑफिसचं उत्तर महिन्याने आलं. काकांच्या मेहनतीबद्दल आभार मानले होते आणि अशी जागा काढण्याचा विचार नाही असं कळवलं होतं. काकांनी ते पत्र माझ्याकडून वाचून घेतलं, स्वतः वाचता येत असूनही. "प्रमाण काय?" मी विचारलं. पहिल्यांदाच मी त्यांना विचारत होते.

"फार," काका म्हणाले.

पुढच्या शनिवारी ते खड्डा झालेल्या टेकडीची दुरुस्त शीट घेऊन आमच्याकडे आले. "सुनीता, तपासशील?" मी दहा मिनिटांत तपासली आणि ठीक आहे म्हणून दिली. त्यांनी बोट ठेवलं. चर्चची खूण उलटी होती. त्यांनी मुद्दाम चिकटवली होती, माझी परीक्षा म्हणून. "तुझं शिक्षण आड येतंय," ते म्हणाले. "शेवटापासून बघ. आणि वेडे प्रश्न विचार." आत जाऊन त्यांनी काकूंची फूटपट्टी आणून दिली.

मग कितीतरी शनिवारी दुपारी मी त्या टेबलाशी बसले. आधी कंटाळा यायचा. वर्षभराने एकदा मी विचारलं, "काका, ही पायवाट तळ्यातून का जाते?" आणि काका "हं" म्हणून कोरणी घ्यायला उठले, तेव्हा मला जो आनंद झाला तो बी.ए.च्या निकालाला झाला नव्हता.

रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी एक जाड कागद माझ्यापुढे ठेवला. स्विस प्रमाणपत्राच्या नमुन्यावर हाताने काढलेला, कडेने दुहेरी रेघ. मधोमध इंग्रजीत लिहिलं होतं की श्रीमती कुसुम मोडक यांनी तेरा वर्षं नकाशे तपासण्याचं काम पूर्ण केलं. खाली काकांची सही.

"तपास," ते म्हणाले, आणि खिडकीशी जाऊन माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

मी फूटपट्टी ठेवून शेवटच्या अक्षरापासून सुरुवात केली. वेळ लागला. अक्षरं पाहायला मध्येच त्रास होत होता, ते तुम्ही समजून घ्या. चूक नव्हती. "काका, तारीख घातली नाही," मी म्हटलं.

"हं," काका म्हणाले. "तिनेही हेच विचारलं असतं." मग ते आले आणि त्यांनी त्या दिवशीची तारीख घातली.

प्रमाणपत्र त्यांनी तक्त्याच्या जागी लावलं. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते प्रमाणपत्र पुढे कुठे गेलं मला माहीत नाही. पण सहा रकान्यांचा तक्ता, काकूंची फूटपट्टी आणि एक कोरणी माझ्याकडे आहे, हॉलमधल्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात. ईरा, आज सकाळी मी ती कोरणी काचेवर ओढून पाहिली. टोक अजून शाबूत आहे.

तुमची,
आजी