पाटणकर भावजींचा शनिवार

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात शनिवारी संध्याकाळी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ भेंडी निवडताना दिसले, आणि त्यांच्या अंगात खांद्यापर्यंत पसरलेल्या कॉलरचा फुलाफुलांचा शर्ट, कमरेला रुंद पट्टा आणि पायांत जमीन झाडत जाणारी बेलबॉटम असली, तर दचकू नका. गावात नाटकमंडळी आलेली नाही. ते आमचे पाटणकर भावजी आहेत. आज शनिवार आहे, म्हणून ते नटले आहेत. आणि शेजारी पिशवी धरून, कपाळाला हात लावून उभी असलेली बाई म्हणजे मी.

भाजी आमच्या अवधपुरीत दारावर येते. हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं.

"भाजी येते, वहिनी," ते म्हणतात. "माहौल येतो का?"

माहौल हा त्यांचा लाडका शब्द. चहा बेचव झाला तरी चालेल, कप बशीसकट पाहिजे, कारण माहौल. मागे एकदा एका भाजीवाल्या पोराने त्यांना आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "बाबूजी, शूटिंग कहाँ चल रही है?" भावजींनी शांतपणे गॉगल कपाळावर चढवला आणि म्हणाले, "यहीं चल रही है बेटा, पचास साल से." पोराने खूश होऊन मूठभर मिरच्या फुकट घातल्या. घरी आल्यावर पँट झटकली तर आतून कोथिंबिरीच्या दोन काड्या आणि मटाराची एक शेंग निघाली. तीही फुकटच म्हणायची.

भावजी मूळचे ग्वाल्हेरचे. त्यामुळे त्यांचं मराठी हिंदीच्या अंगणातून फिरून येतं. इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात ते ड्रॉइंग ऑफिसात होते. आमचे हेही तिथेच, समोरासमोरच्या टेबलांवर. मी साताऱ्याहून नवी नवरी म्हणून टाऊनशिपच्या क्वार्टरात आले, तेव्हा कोपरापर्यंत बाह्यांची पोलकी आणि तेल चोपडलेली वेणी एवढीच माझी फॅशन होती. सामान लावून होतंय न होतंय तोच फाटकात स्कूटर वाजली. हे म्हणाले, "पाटणकर असणार. शनिवार आहे ना."

तेव्हापासून दर शनिवारी सिनेमाचा सेकंड शो. आम्ही दोघं, शेजारचे श्रीवास्तव नवरा-बायको आणि लग्नाच्या फंदात कधीच न पडलेले भावजी. शो सुटला की जुन्या शहरात जाऊन मीठ घातलेला सुलेमानी चहा प्यायचा, मग तलावाच्या काठाने गार वारा खात टाऊनशिपच्या गेटवर. पहिल्यांदा तो खारट चहा मी गोड समजून घोटभर प्यायले आणि यांच्या शर्टावर उडवला. श्रीवास्तव वहिनी पोट धरून हसल्या. भावजी मात्र गंभीरपणे यांना म्हणाले, "शरद, डाग चांगला दिसून राहिला आहे. तसा तो शर्ट फार फिका होता."

बायकांच्या कपड्यांबद्दल ते अवाक्षर काढत नसत. त्यांचा सारा रोख आमच्या नवऱ्यांवर. फाटकात उभे राहून ते आम्हा दोघांना नकाशा तपासावा तसे तपासायचे आणि जाहीर करायचे, "शरद, वहिनींच्या साडीला तुझा शर्ट सूट नाही करत आहे. बदलून ये." आणि हे, ऑफिसात साहेबाचंही न ऐकणारे, मुकाट्याने आत जाऊन शर्ट बदलायचे. हळूहळू माझी वेणी जाऊन अंबाडा आला, पोलक्याच्या बाह्या आखूड झाल्या, आणि एका दिवाळीला मी चक्क डोळ्यांवर बशीएवढा गॉगल लावून माहेरी उतरले. आईने मला ओळखलं नाही. वडिलांनी ओळखलं, पण त्यांना तसं दाखवायचं नव्हतं.

बेलबॉटमची कथा मात्र सांगायलाच हवी. ही फॅशन भोपाळात नुकतीच आली होती. टाऊनशिपच्या बाजारात रईस मास्टर नावाचे शिंपी होते. भावजींचा तोंडी सांगण्यावर विश्वास नव्हता. त्यांनी ट्रेसिंग पेपरवर पँटचं रीतसर ड्रॉइंग काढलं. समोरून, बाजूने, वरून. पँट वरून कशी दिसते हे कुणाला हवं असतं, देव जाणे. कोपऱ्यात नाव, तारीख, 'काढणारा' म्हणून त्यांची सही आणि 'तपासणारा' म्हणून यांची. पायाच्या टोकाला बाण काढून लिहिलं, सव्वीस इंच. भावजींच्या मनात तो पूर्ण घेर होता. पण बाण होता सपाट रेषेवर, आणि मास्टरनी रेषा सव्वीस इंचांची कापली. म्हणजे पुढे सव्वीस, मागे सव्वीस. पँट शिवून आली तेव्हा एकेका पायात एकेक सबंध घागरा होता.

भावजी ड्रॉइंग घेऊन तणतणत गेले. मास्टरनी चष्मा लावला, बाणावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहब, नक्शे में जो था वही सिया है. दस्तखत भी दो-दो हैं."

आता कारखान्याचा नियम असा की ड्रॉइंग पास झालं की माल तसाच उचलायचा, चूक कागदावरची असेल तर कारागिराला बोलायचं नाही. भावजींनी नियम पाळला. पँट घातली. त्या शनिवारी ते चालत आले तेव्हा आधी पँट आली आणि मग ते. टाऊनशिपभर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. हे तर तपासणारे म्हणून सहा महिने चेष्टेचा विषय झाले होते. भावजी मात्र अशा ऐटीत वावरले की काही दिवसांतच हॉस्टेलची ट्रेनी पोरं मास्टरांकडे रांग लावून 'पाटणकर साहबवाली' मागायला लागली. रईस मास्टरनी भिंतीवर ते ड्रॉइंग फ्रेम करून लावलं.

वर्षं गेली. पँटी अरुंद झाल्या, परत रुंद झाल्या. मुलं शिकून पुण्या-बंगळूरला गेली. क्वार्टर सुटलं, आम्ही अवधपुरीत घर बांधलं, भावजींनी पुढच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या. श्रीवास्तव मंडळी मुलाकडे लखनौला गेली. शनिवार मात्र चालू होता, सेकंड शोऐवजी दुपारी तीनचा.

मग हे गेले.

गेल्यावर काय होतं ते ज्या बाईवर वेळ आली तिलाच कळतं. लोक वाईट नसतात. पण कुठे बोलवायचं झालं की "त्यांना कशाला त्रास" म्हणून नाव गळतं. हळदीकुंकवाला नाही, सहलीला नाही, शेजारच्या मुलीच्या डोहाळजेवणालाही नाही. मुलगी म्हणाली, "आई, पुण्याला ये आता." मीही कपाटातल्या रंगीत साड्या गाठोड्यात बांधून वर टाकल्या. घर विकायचं आणि पुण्याच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत गप्प बसायचं, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

एका शनिवारी अडीच वाजता फाटकात स्कूटर वाजली. तीच बेलबॉटम. कमरेला आता मावत नव्हती म्हणून मागे दुसऱ्याच कापडाचा तुकडा जोडलेला. "वहिनी, शो चुकेल!"

माझा तोल गेला. "भावजी, तुम्हाला काही वाटतं का? लोक काय म्हणतील?"

"लोक तेव्हाही म्हणतच होते," ते म्हणाले आणि फाटकाबाहेरच उन्हात बसून राहिले. शोची वेळ टळून गेल्यावर उठले, नमस्कार केला आणि गेले. पुढच्या शनिवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मी खिडकी लावून घ्यायची, पण पडद्याच्या फटीतून बघायची, हे इथे सांगून टाकते.

शेवटी एकदा मी फाटकापर्यंत गेले. "का छळताय मला? मला नाही यायचं. तुम्ही एकटे जा की!"

भावजी स्कूटरच्या सीटवरची धूळ हाताने पुसत राहिले.

"एकट्याने जातच होतो, वहिनी," ते म्हणाले. "शरदची ओळख व्हायच्या आधी. हॉस्टेलात सगळे आपापल्या गावचे, आपापल्या गटाचे. मी शनिवारी हे सगळं घालून, सेंट लावून जायचो. खिडकीवर बुकिंगवाला विचारायचा, कितने? मी म्हणायचो, एक. तो मान वर करून बघायचा. दर वेळी बघायचा. बस, तेवढंच. पण त्या बघण्याने मी दोनदा रांगेतून परत आलो आहे. मग शरद भेटला, तुम्ही आल्या, श्रीवास्तव आले, आणि मी पाच म्हणायला लागलो. किती जोरात म्हणायचो, आठवतं? तुम्ही हसायच्या." मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमच्यावर एक म्हणायची पाळी येऊ नये. दुसरं काही नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हा माणूस हौशी आहे, आम्हाला करमणूक म्हणून ओढून नेतो. आम्ही सगळे जोडीने परत यायचो, आपापल्या क्वार्टरात शिरायचो, दारं लावून घ्यायचो. त्यानंतर भावजी कुठे जायचे, रिकाम्या खोलीचं कुलूप कसं उघडायचे, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

मी आत गेले. स्टुलावर चढून गाठोडं खाली काढलं. जांभळी साडी चुरगळली होती, तशीच नेसले.

थिएटर आता मॉलमध्ये आहे. काचेमागे एक पोरगा संगणकात तोंड घालून बसला होता. भावजी सवयीने पुढे झाले, पण मी त्यांना बाजूला सारलं.

"कितने?" त्याने विचारलं.

"दो," मी म्हणाले, आणि इतक्या जोरात म्हणाले की मागची सगळी रांग वळून बघायला लागली. मला जराही लाज वाटली नाही.

घर मी विकलं नाही.