पाचू की मोती

जन्मभर चष्म्याची भिंगं घासल्यामुळे आपल्याला रत्नांतलंही कळतं, असा एका चष्मेवाल्याचा समज होता. (बायको तो समज पुसायला जात नसे, तिला इतर कामं होती.) त्यामुळे तिने मुलीचं नाव 'पाचू' ठेवू या म्हटल्यावर तो हॉस्पिटलातच खो खो हसला.

"पाचू? मग पुढची काय, सहाचू?"

"अहो, हिरवंगार रत्न असतं ते."

"त्यापेक्षा मोती ठेवू. शुभ्र, शीतल, आणि पैलू पाडायची कटकट नाही!"

बायकोचे टाके ठणकत होते. ती म्हणाली, "बघा, तुम्हाला वाटेल ते." चष्मेवाल्याने हा होकार मानला. (लग्नाला इतकी वर्षं होऊनही!) बाळाला घरी आणल्याबरोबर त्याने गॅलरीतून नातेवाइकांना फोन लावले.

"काका, घरी मोती आली! गोरीपान आहे, दिवसभर नुसती लोळते!"

"कमाल आहे बुवा तुझी! एवढ्या धावपळीत?" काका म्हणाले. चष्मेवाल्याला ते कौतुक वाटलं.

तो आत आला, तर बायको बाळाला मांडीवर घेऊन खिडकीपाशी बसली होती. हिरव्या पडद्यातून गाळून आलेलं ऊन दुपट्यावर पसरलं होतं.

"डॉक्टरांनी मला किती महिने झोपवून ठेवलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही दुकानात. हा हिरवा उजेड रोज पोटावर यायचा. जीव घाबरला की मी म्हणायचे, पाचू, टिकून राहा गं. राहिली बिचारी. असू दे, मोतीही छान आहे."

'पाचूच का गं?' एवढंसुद्धा चष्मेवाल्याने विचारलं नव्हतं. वर ते सहाचू! आपलीच जीभ चावावी असं त्याला वाटलं.

"चुकलं माझं," तो कसाबसा म्हणाला. "पाचूच राहू दे." आणि ओशाळून पुन्हा गॅलरीत गेला.

"काका, नावाचा जरा घोळ झाला. बाळाचं नाव पाचू."

"ते माहीत आहे रे. बाळ पोटात असल्यापासून सूनबाई पाचूच म्हणते की."

"मग मघाशी मी मोती म्हणालो ते?"

"ते कुत्रीचं ना? काकू पट्टा आणायलाच निघाली आहे. गळ्याचं माप तेवढं सांग."