इंजिनाला हळद लागली

फोन उचलला की माणसं हॅलो म्हणतात. सत्तारभाई म्हणतात, "हात लावू नका!" पलीकडं कोण आहे ते नंतर बघतात. लेकीचं लग्न ठरलं हे सांगायला त्यांच्या मेहुण्यानं फोन केला, त्यालाही आधी हेच ऐकावं लागलं. कर्ज हवंय का विचारणारी एक पोरगी तर रडवेली होऊन म्हणाली, "सर, मैं तो सिर्फ बात कर रही हूँ."

सत्तारभाई बोटीची इंजिनं दुरुस्त करतात. बुडालेलं इंजिन वर काढलं की माणूस पहिल्यांदा दोरी ओढून ते चालू करायला बघतो. आत पाणी असताना दोरी ओढली की आतला दांडा वाकतो, आणि इंजिन भंगारात जातं. म्हणून आधी हात लावू नका; सलाम, नमस्कार मागून.

वारंगा फाट्यावर माझं ऑइल आणि स्पेअर पार्टचं दुकान आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडात ते असतात. साठी उलटलेली, घरी एकटे. आलेलं इंजिन ते पुसत नाहीत, पुन्हा पाण्याच्या ड्रममध्ये बुडवतात. बघणारा हबकतो. "आहो, आत्ताच तर बाहेर काढलं!" त्यावर ते शांतपणे सांगतात, "पान्यात गंजत न्हाई, हवेत गंजतं. खोलायला हात मोकळा होईस्तोवर भिजू द्या त्याला."

दुसरी गंमत म्हणजे, आयुष्य बोटीच्या इंजिनात गेलेला हा माणूस बोटीत पाय ठेवत नाही. ट्रायल बोटवाल्यानं घ्यायची. हे काठावर कानामागं हात धरून उभे. "मामू पान्याला भेतंय," असं नावाडी त्यांच्या तोंडावर म्हणतात. ते हसतात. मीही हसत असे.

मार्चमध्ये देवराव इंजिन घेऊन आला. धरणाच्या फुगवट्यातून पलीकडच्या गावची माणसं तो बोटीनं अलीकडं आणतो. क्लॅम्प ढिला राहिला आणि इंजिन सुटून पाण्यात गेलं. ते त्यानं बुडी मारून काढलं होतं. पण माझ्या दुकानासमोर पोतं उघडलं तेव्हा इंजिन पिवळंधमक होतं.

"हे काय रे?" मी विचारलं.

"हळद, ताई. मोबाईल भिजला की तांदळात ठेवतेत न्हवं? आमच्याकडं सासऱ्याची हळद वाळू घातली व्हती. म्हनलं, वाळली हळद पानी वढून घेईल. दोन दिस ढिगात पुरून ठेवलं."

सत्तारभाई इंजिनाभोवती एक चक्कर फिरले. "हळद लावून आनलं व्हय? बराबर. आता मुंडावळ्या बांधू, का नवरी घेऊन येतूस?"

"थट्टा करू नका, मामू. पलीकडच्या चार पोरी दहावीला हायेत. सोमवारी पयला पेपर. बोट न्हाई तर वळसा घालून लई लांब पडतंय, आन बाप लोक म्हनून राहिले, जाऊ द्या मग, बसा घरी."

सत्तारभाईंचं हसू गेलं. "काहून बसतील घरी?" एवढंच म्हणाले आणि पाना उचलला.

प्लग काढून इंजिन उलटं केलं, चाक हातानं हळूहळू फिरवलं. गढूळ पिवळं पाणी आलं. मग डिझेलनं धुणं, कार्बोरेटरच्या भोकाभोकातून हळद काढणं. कॉइल सुकवायला समोरच्या ब्युटी पार्लरमधून केस वाळवायचं मशीन मागून आणलं. पार्लरवाली म्हणाली, "चाचा, दुल्हन का काम है क्या?" "दुल्हा है," ते म्हणाले.

रविवारी इंजिन धरणावर नेलं. चालू झालं, पण देवराव बोट थोडी आत नेई की दम तोडे. पाण्यात भार पडल्यावरच कार्बोरेटरचा स्क्रू नीट बसवता येतो, आणि देवरावला सुकाणू सोडून तो फिरवता येईना.

"बसा की मामू. बुडालात तर मी काढतो. हळदीत बी ठेवतो."

सत्तारभाईंनी एकदा पाण्याकडं बघितलं. मग चपला काढून हातात घेतल्या आणि बसले. घातलेला नवा प्लग माझ्या दुकानचा होता. नंतर मला बोल नको म्हणून मीही बसले.

स्क्रू बसला, आवाज सुरेख लागला. "आता तासभर बंद करू नको," ते देवरावला म्हणाले, "आत दबलेलं पानी गरमीनं उडू दे." आणि थोड्याच वेळात, फुगवट्याच्या मध्यावर, हात वर करून म्हणाले, "बंद कर."

"आता तर म्हनलात..."

"बंद कर म्हनतो ना!"

इंजिन थांबलं. सत्तारभाईंनी डोक्यावर रुमाल टाकला. "आमचं जुनं गाव हाय खाली. हितं कबरस्तान. धरण झालं तवा मी पोरगं व्हतो. अम्मी हितंच राहिली. तिच्यावरून भडभड करत कसं जायाचं?"

देवरावनं वल्हं घेतलं. बऱ्याच पुढं गेल्यावर इंजिन पुन्हा चालू करायला दोरी कितीदा तरी ओढावी लागली.

"उद्या मधे थांबवू नको," उतरताना सत्तारभाई त्याला म्हणाले. "ताजं हाय, धरलं न्हाई तर पोरींचा पेपर जाईल. माझं काय, मी काठावर ऱ्हातो."

सोमवारी सकाळी त्यांनी शेड उघडलंच नाही. एसटीची वाट बघत उभे दिसले, म्हणून मी स्कूटी काढली. काठावर पोचलो तेव्हा पलीकडून आवाज येत होता. बोट दिसू लागली, चार दप्तरं दिसू लागली. आणि मध्यावर आवाज बंद पडला.

"गेलं!" मी म्हणाले.

सत्तारभाईंनी डोक्यावर रुमाल टाकला. देवरावनं दोरीला हात लावला नव्हता; तो उभा राहून वल्हं मारत होता. पुढच्या बाजूला बसलेल्या एका पोरीनंही फळकूट घेऊन पाणी मागं सारायला सुरुवात केली होती. बरंच पुढं आल्यावर देवराव वाकला. एकदा दोरी ओढली, दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा इंजिन धरलं.

पोरी उतरून पळत रिक्षाकडं गेल्या. पेपरला वेळेत पोचणार होत्या. मी घड्याळ बघून घेतलं. दुकान उघडायचं होतं, गिऱ्हाईक खोळंबलं असणार. पण सत्तारभाई पाण्याकडं तोंड करून उभे होते, म्हणून मी स्कूटीला किल्ली लावली नाही.