दुरुस्तीचा रकाना

तक्त्यात ज्याच्या कामाला रकाना नसतो तो माणूस हळूहळू दिसेनासा होतो, हे कुपवाडच्या त्या पंप कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. एप्रिलात कंपनीचं धोरण बदललं: नवे पंप कमी करायचे, विकलेले आयुष्यभर दुरुस्त करून द्यायचे. बापू लेंगरेंना जोडणीवरून उठवून दुरुस्तीला बसवलं. रोजच्या कामाचा तक्ता मात्र जुनाच राहिला. सोमवारी बापूंची बोटं गेली, बुधवारपर्यंत दोन्ही हात.

तक्ता प्रमिला आवटी भरायच्या. गुरुवारी सकाळी त्या दुरुस्तीच्या टेबलापाशी आल्या, तेव्हा बोल्टवर पाना अधांतरी फिरत होता.

"बाई, मिशी हाय का अजून?" बापूंनी विचारलं.

"आहे. डावीकडं जरा फिकी पडलीय."

"शनिवारी पोरीला बघायला पाहुणे येणार. बापच दिसंना म्हणून उठून जातील हो."

प्रमिलाबाईंनी तक्ता काखेत मारला. त्या तडक उदगावे साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

"धोरण वर ठरतं, तक्ता खाली भरतात," साहेब शांतपणे म्हणाले. "दोन्हींचा मेळ घालणारं एक खातं होतं आपल्याकडं."

"मग ते कुठं गेलं?"

"त्याला रकाना नव्हता."

"साहेब, दुरुस्तीचा रकाना वाढवा."

"कागदावर अकराच मावतात, आणि वर्षाची छपाई झालीय. एक खोडा, एक लिहा. पण ज्याचा खोडाल त्याची संमती घ्या."

प्रमिलाबाई तक्ता घेऊन खात्याखात्यांतून फिरल्या. ओतकामाचा माणूस भट्टीआड गेला. रंगकामाच्या हौसाबाई म्हणाल्या, "माझ्याकडं बघूसुद्धा नकोस गं बाई. नातू आत्ता कुठं मला ओळखाय लागलाय."

शुक्रवारी बापूंचं फक्त कपाळ उरलं होतं. शेवटचा, अकरावा रकाना होता 'तक्ता भरणे'. त्याला कुणाला विचारायला नको होतं. प्रमिलाबाईंनी पट्टी धरून तो सरळ रेघेने खोडला, वर सुवाच्य अक्षरात 'दुरुस्ती' लिहिलं आणि संमतीच्या जागी स्वतःची सही केली.

पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. बापाच्या मिशीचंही कौतुक झालं.

पुढच्या आठवड्यात बापू पेढे घेऊन ऑफिसात आले. खुर्ची रिकामी होती. तक्त्यावर पेन चालत होतं. त्यांनी पुडा उघडून टेबलावर ठेवला. एक पेढा उचलला गेला आणि अर्धा झाला.

"कागदाला तूप लागू देऊ नका," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आज दुरुस्त किती झाले?"

"सात."

पेनाने दुरुस्तीच्या रकान्यात सात लिहिले.