कृपया माणसाला बोलू द्या

टिंग.

एवढाच आवाज झाला आणि सकाळपासून पहिल्यांदाच लाभलेली शांतता संपली. नवं वॉशिंग मशीन थांबलं होतं. यंत्रबाईनं चहाचा कप खाली ठेवला आणि मशीनचं दार ओढलं. उघडेना. पुन्हा ओढलं. काचेच्या गोल खिडकीला नाक लावून कान्या तिच्याकडे बघत राहिला.

कान्या म्हणजे मुंगीचा कापडी ससा. मुंगी म्हणजे तिची साडेतीन वर्षांची लेक. आणि कान्या काखेत असल्याशिवाय मुंगी बालवाडीची पायरी चढत नसे, हा त्या घरातला एकमेव कायदा, जो सगळे पाळत. काल कान्यावर दूध सांडलं, म्हणून लेक उठायच्या आत तो धुऊन वाळवून ठेवावा, असा तिचा बेत होता. चांगलं करायला जावं आणि दार अडकावं, हेही त्या घरात नवीन नव्हतं.

यंत्रबाई हे तिला स्टुडिओनं ठेवलेलं नाव. परभाषेतल्या सिनेमांना आपल्या भाषेतला आवाज द्यायचा, हा तिचा व्यवसाय. मुंगी व्हायच्या आधीच्या आठ वर्षांत पडद्यावर जेवढ्या यंत्रमानव बायका माणसांवर उलटल्या, त्या बहुतेक तिच्या तोंडून उलटल्या. ‘मानवहो, तुमची वेळ संपली आहे,’ हे वाक्य ती झोपेतही सपाट म्हणू शकायची. सासूबाई ते सिनेमे बोटांच्या फटीतून बघत आणि मग दोन दिवस मिक्सरलाही हात लावत नसत.

आज अकरा वाजता तिची परीक्षा होती. नव्या सिनेमासाठी दिग्दर्शकाला तिचा आवाज आणि एका सॉफ्टवेअरचा आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐकायचा होता. जो सरस ठरेल, त्याला पुढचे तीन भाग मिळणार. म्हणजे दोन वर्षांचं काम. मुंगी झाल्यापासून स्टुडिओ तिला विसरलाच होता. ही आठवण झाली तीच शेवटची, हे तिला न सांगता कळलं होतं.

साडेनऊ झाले होते. मुंगी डोळे चोळत आली आणि मशीनपाशी थबकली.

“कान्या बुडाला,” ती म्हणाली.

रडली असती तर परवडलं असतं. ती मशीनसमोर मांडी घालून बसली. कान्या बाहेर येईपर्यंत आता तिला कुणीही हलवू शकणार नव्हतं.

यंत्रबाईनं दारावरच्या चिकटपट्टीवरचा मदतीचा नंबर लावला. दोनदा वाजून फोन उचलला गेला.

“नमस्कार. सांगा, काय मदत करू?”

यंत्रबाईच्या हातातून फोन पडता पडता राहिला. आवाज मऊ होता, कोमट पाण्यासारखा. आणि तो तिचा होता.

मुंगी पाच महिन्यांची असताना कुठल्याशा कंपनीनं तिला चार हजार वाक्यं वाचायला बोलावलं होतं. संशोधनासाठी, म्हणाले. बाहेर सासूबाईंच्या मांडीवर मुंगी भुकेनं कळवळत होती, तेव्हा समोरचा बोट ठेवेल तिथं हिनं सही ठोकली होती. वाचताना मात्र आवाज सपाटच लागत होता. शेवटी तो माणूस म्हणाला, बाई, घरी बाळाशी बोलता ना, तसं बोला. मग तिनं काचेपलीकडच्या मुंगीकडे बघत सगळी वाक्यं वाचली. चारच्या चार हजार.

तोच आवाज आता तिला सांगत होता, माणसाशी बोलायचं असल्यास ‘माणूस’ असं म्हणा.

“माणूस,” ती म्हणाली.

“क्षमस्व. हा आवाज यंत्राचा असल्याचं आढळलं आहे. कृपया माणसाला बोलू द्या.”

तिनं घसा खाकरून पुन्हा सांगितलं. आवाज जाड केला, नाक दाबून बोलून पाहिलं, शेवटी सगळा अभिनय सोडून मनापासून ओरडली. उत्तर तेच, तितकंच गोड. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावा घेतला तरी तक्रार कुणाकडे करणार?

ओरडणं ऐकून सासूबाई आल्या. सून समोर उभी आणि सून फोनमध्येही, हे बघून त्या आधी दोन पावलं मागे सरल्या. मग धीर करून त्यांनी फोन कानाला लावला. सुरुवात मशीनच्या दारापासून केली आणि तिसऱ्या वाक्याला त्या स्वतःच्या गुडघ्यापर्यंत पोचल्या. त्यांना कुणीही माणूस असल्याचा पुरावा मागितला नाही.

वीस मिनिटांनी त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला. चेहरा उजळला होता.

“किती समजूतदार आहे गं. मधे बोलत नाही, घड्याळ बघत नाही. हा गुडघा मी तुला दोन वर्षं सांगतेय. कधी म्हणालीस, ‘मला समजतंय’ म्हणून?”

“आई, ती मशीन आहे.”

“असेना का. तू तरी कुठं...” सासूबाईंनी वाक्य गिळलं.

“दाराचं काय म्हणाली?”

“अगोबाई, ते राहिलंच.”

सव्वादहा झाले होते. सासूबाईंचा फोन घेऊन यंत्रबाई आतल्या खोलीत गेली आणि तिनं उशीर होईल असं सांगायला दिग्दर्शकाला फोन लावला. तो म्हणाला, धावपळ करू नकोस, आम्ही सकाळीच ऐकून ठरवलं. तुझा जुना नमुना होताच की आमच्याकडे. मग त्याला बहुधा वाईट वाटलं असावं, कारण तो समजावू लागला. जीव घेणारं सपाट यंत्र आता जुनं झालं. लोकांना हल्ली प्रेमळ यंत्र लागतं. या सॉफ्टवेअरच्या आवाजात काय माया आहे, ऐकशील तर तुझेही डोळे भरतील.

त्यानं ऐकवलं. ‘मानवहो, तुमची वेळ संपली आहे,’ असं कुणीतरी बाळाला थोपटत म्हणत होतं.

“तो माझा आवाज आहे,” यंत्रबाई म्हणाली.

तो म्हणाला, “असेल. पण तुझ्याकडे आता तो राहिलाय कुठं?”

ती बाहेर आली तेव्हा सासूबाई बाजूला वेताच्या मोड्यावर बसल्या होत्या आणि तिचा फोन स्पीकरवर, मुंगीच्या मांडीत होता. सुरू असलेला फोन ठेवून देणं सासूबाईंना बरं वाटलं नव्हतं. म्हणून त्यांनी तो नातीकडे दिला होता.

“घाबरू नकोस हं, बाळा,” फोन म्हणत होता. “खाली दोन गोल बटणं दिसतात? दोन्हींवर एक एक बोट ठेव. आता दाबून धर. सोडायचं नाही. मी आहे इथंच.”

मुंगीनं जीभ बाहेर काढून बटणं दाबून धरली. खट्कन दार उघडलं. कान्या अर्धा बाहेर लोंबला, एक कान दुसऱ्याहून वीतभर लांब झालेला. मुंगीनं त्याला ओढून छातीशी धरलं. फ्रॉक ओलागच्च झाला.

“फ्रॉक!” यंत्रबाई खेकसली. अंगवळणी पडलेलंच होतं ते.

“शाब्बास,” फोन म्हणाला. “किती शहाणं बाळ आहे.”

मुंगीनं मांडीतल्या फोनकडे पाहिलं. मग मान वर करून आईकडे पाहिलं. मग परत फोनकडे.

“आई,” तिनं हळूच विचारलं, “ही कुणाची आई आहे?”