नवी चौकट, जुनी खिडकी

"डॉक्टर, कीबोर्ड बदलून बघा ना," लमीस फोनवर म्हणाली.

"बदलला! आता काय बोटं बदलू?" पलीकडून डॉक्टर हनादी कडाडल्या.

अम्मानच्या चढावरचं हनादींचं औषधांचं दुकान गाठेपर्यंत लमीसचंही डोकं भणभणलं होतं. दुकानातला प्रोग्राम तिच्या कंपनीचा, चांगला म्हातारा. कंपनीचे मालक उस्ताज मुनीफ यांनी त्याच्या स्क्रीनवरच्या जुन्या खिडकीच्या मधोमध एक नवी चकचकीत चौकट बसवायला लावली होती. "खिडकी आणि चौकट, दोघींचं तंत्र वेगळं आहे. दाबलेलं बटण आत पोचतंय का, तेवढं तपासू द्या," असं लमीस घसा फोडून सांगत होती. "रंग बघ, काय देखणा आलाय!" म्हणत मुनीफनी ते तसंच दुकानात धाडलं.

इन्सुलिनसाठी आलेला एक म्हातारा गल्ल्यापाशी खुर्चीत टेकला होता. हनादी नव्या चौकटीत औषधाचं नाव लिहीत होत्या. एकही अक्षर उमटत नव्हतं. दातओठ खात त्यांनी एंटरवर बोट आपटलं. पुन्हा आपटलं.

"आपटू नका हो!"

"मग काय ओवाळू त्याला?"

तेवढ्यात अबू रकान ड्रायव्हर डायपरची खोकी घेऊन आत आला. मग आणखी खोकी. दार दिसेनासं झालं.

"डॉक्टर, सगळ्या मोहल्ल्यात एकदमच बाळंतपणं झाली की काय?"

लमीसने स्क्रीनवर नजर टाकली आणि तिला उमगलं. अक्षरं वाटेतच गडप होत होती, एंटर मात्र बाहेरच्या जुन्या खिडकीला मिळत होतं. तिथे सकाळची डायपरची मागणी उघडी होती. आतापर्यंतच्या प्रत्येक फटक्याला ती गोदामाकडे नव्याने जात होती!

तिने मुनीफना फोन लावला, स्पीकरवरच, आणि झालेला घोळ सांगितला.

"अगं, बाईमाणूस आहे, गडबडली असेल," मुनीफ हसले. "सांग तिला, जरा डोकं शांत ठेवून टाइप कर म्हणावं."

लमीसने फोन कापला.

"पोरी," हनादी हळू म्हणाल्या, "याच्या हाताखाली काम करतेस तू?"

लमीसने जुन्या खिडकीला एकच ओळ शिकवली: आतल्या चौकटीची बटणं आत जाऊ दे. 'इन्सुलिन' टपाटप उमटलं. म्हातारा औषध घेऊन, दोघींना दुवा देत, खोक्यांवरून कसाबसा बाहेर पडला.

"हा माल मी परत नेणार नाही," अबू रकान अडून बसला. "गोदामवाला मलाच कोंडेल आत. दुसरा पत्ता असेल तर बोला."

हनादींनी लमीसकडे पाहिलं. लमीसने कीबोर्ड पुढे ओढला आणि नव्या चौकटीत, डायपरच्या मालाच्या पत्त्याच्या रकान्यात, उस्ताज मुनीफ यांच्या घराचा पत्ता लिहिला. गल्ली, इमारत, मजला. एकही अक्षर गळलं नाही.

"एंटर तुम्ही दाबा, डॉक्टर."

हनादींनी ते अगदी डोकं शांत ठेवून दाबलं.