आधी बंद, मग हात

आमचे शेजारी सुपडूनाना वरणाची चव बघायची असली तरी आधी गॅस बंद करतात. चाखतात, पुन्हा पेटवतात, मीठ टाकायचं म्हणून पुन्हा बंद. दीपनगरच्या वीजकेंद्रात जन्म गेला, आणि तिथलं एकच वाक्य घेऊन ते जळगावात राहायला आले: "आधी बंद, मग हात." मी एकदा बोलायला लागले की थांबत नाही, हे कॉलनीला ठाऊक आहे. नाना मला सरळ म्हणतात, "अक्का, आधी तुम्ही बंद, मग मी सांगतो."

दुसरं वेड कागदाचं. कुकरबरोबर आलेलं पत्रक ते शेवटपर्यंत वाचतात आणि लिहिलंय तस्संच करतात. लेखी सूचनेपुढे आपली अक्कल चालवायची नाही, ही त्यांची नोकरीतली शिस्त.

यंदा उन्हाळ्यात नाना चार-पाच दिवस दिसलेच नाहीत. मी डबा घेऊन गेले, तर हे कॉम्प्युटरपुढे बसलेले. मला कळलं ते असं, की डेटाबेस म्हणजे माहितीचं कपाट. नानांचं कपाट फुकटातलं, जगभरची माणसं मिळून बनवतात, आणि चुकलेलं दिसलं तर कुणीही दुरुस्ती पाठवावी. नाना नव्या कॉम्प्युटरवर माहिती नेत होते. कशी न्यायची ते त्या लोकांनी लिहून ठेवलं होतं, पण नक्कल करण्याआधी डेटाबेस बंद करा, एवढंच लिहायचं राहिलं होतं. नानांनी चालू असतानाच नक्कल केली आणि जुन्या कॉम्प्युटरवरचं सगळं पुसून टाकलं. नव्यावर काही उघडेना.

म्हटलं, "नाना, तुम्ही? चालूला हात?"

"कागदावर नव्हतं ना लिहिलेलं," ते म्हणाले. "बठ्ठं गयं, अक्का. सगळं गेलं."

मग ती एक ओळ त्यांनी इंग्रजीत लिहून पाठवली. तिकडून कुणीतरी विचारलं, खरंच गरज आहे का? नानांनी खोटी माहिती भरून, मुद्दाम तीनदा बिघडवून दाखवली. मी रोज कुंपणावरून विचारायची, आलं का उत्तर? एका सकाळी तेच म्हणाले, "घेतली त्यांनी ओळ. आता दुसऱ्या कुणाचं जाणार नाही."

आनंद कमी आणि दमलेलेच जास्त दिसले. तेव्हा मला सुचलं विचारायचं, की तुमचं नेमकं गेलं काय?

दर हिवाळ्यात त्यांच्याकडे वांग्याच्या भरताची पार्टी असायची. कोणाला तिखट चालत नाही, कोणाला लसूण नको, सगळं त्यांच्या बायकोच्या, सिंधूच्या तोंडपाठ. शेवटच्या आजारपणात तिने अंथरुणावरून एकेक नाव सांगितलं आणि नानांनी ते कपाटात भरलं. गेलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना वही घेऊन आमच्या दारात. हिवाळ्याला किती अवकाश होता. "प्रत्येकाला विचारून पुन्हा भरतोय," आत येऊन बसत म्हणाले. "तुमचं सांगा, अक्का."

मला मिरची सोसत नाही. सिंधू माझं भरीत गुपचूप वेगळ्या पातेल्यात काढून ठेवायची, कधी कुणाला कळू दिलं नाही. मी सांगितलं.

वहीचं पान फडफडत होतं. नाना उठले, पंखा बंद केला आणि मग पेन उचललं.